सल्ला पोहोचला, पाण्याचे काय?

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला आता व्हॉट्सॲपवरून थेट शेतकऱ्याच्या हाती पडतो. रोगट पानाचे छायाचित्र पाठवावे व तज्ज्ञाचे उत्तर यावे, ही सोय उपेक्षणीय नाही. पूर्वी यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागत. २०२४ पासून येथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ऊसशेतीचे प्रयोगही झाले. २०२५ साली राज्य सरकारने अशाच धोरणाला मंजुरी देऊन ५०० कोटी रुपयांची तरतूद केली.

परंतु नीरा डाव्या कालव्यावरचा बागायतदार आणि सुपे-मोरगावकडचा जिरायतदार यांच्या हातातला फोन सारखा असला, तरी शेत सारखे नाही. ठिबकमधून खत सोडण्याचा सल्ला, ज्याच्या विहिरीने फाल्गुनातच तळ गाठला त्याच्या काय कामाचा? इंदापुरातही तेच. उजनीच्या फुगवट्यावरून पाणी उचलणारा वेगळा, आणि कालव्याच्या टेलला आवर्तनाची वाट पाहत बसलेला वेगळा. शिवाय लागण-खुरपणी जी बाई करते, तिचे नाव बहुधा सातबाऱ्यावर नसते. मग गटात तिचा नंबर तरी कोठून असणार? औषधविक्रेत्याला मात्र अशा गटांची वाट कुणी दाखवावी लागत नाही!

म्हणून कार्यकर्त्यांनी या साधनाला नाके मुरडू नयेत. शेतमजूर स्त्रियांचे नंबर गटांत घालून घ्यावेत. विक्रेत्याची जाहिरात सल्ल्यापासून वेगळी काढावयास लावावी. आणि कोणत्या चारीला किती दिवस पाणी सुटले, हे दर आवर्तनाला त्याच गटांवर जाहीर करण्याची मागणी करावी. पाटबंधारे खात्याच्या दप्तरात तो हिशेब असतोच.