प्रार्थनेंतील मौन

शाळेची पहिली घंटा झाली म्हणजे प्रार्थना होते, हें आमच्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणीं पडलें आहे. गीत होतें, शास्त्रवाचन होतें, शिक्षकांपैकीं कोणी एक प्रार्थना करितात, प्रभूची प्रार्थना सर्वजण मिळून म्हणतात, आणि सुमारें दहा मिनिटांत रांगा वर्गांकडे वळतात. ही चाल चांगली आहे. ती मोडावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु या दहा मिनिटांत एक क्षणहि असा नसतो कीं ज्यांत कोणी बोलत नाहीं. देवाशीं जें बोलावयाचें तें आम्ही बोलून घेतों, आणि त्याचें कांहीं म्हणणें आहे काय हें ऐकण्यास न थांबतां गणिताच्या तासाला निघून जातों. घरांतील एखाद्या वडील माणसाशीं आम्ही असें वागलों तर त्यास कोणी विनय म्हणणार नाहीं.

गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तिचा परिणाम क्षुल्लक नाहीं. शाळा सोडून गेलेलीं ख्रिस्ती मुलेंमुली पुढें कधीं भेटतात, तेव्हां प्रार्थनेविषयीं विचारलें असतां पुष्कळांकडून एकच उत्तर येतें: आतां होत नाहीं. कॉलेज, वसतिगृह, नोकरी, हातांतला मोबाइल, अशीं कारणें सांगितलीं जातात व तीं खोटीं नसतात. तरी जी प्रार्थना नेहमीं दुसऱ्याच्या घंटेवर, दुसऱ्याच्या शब्दांत व शेंकडों मुलांच्या आवाजांत झाली, ती घंटा थांबतांच थांबली यांत नवल तें काय? एकट्यानें देवापुढें कसें बसावें, हें त्यांस कोणी शिकविलेंच नव्हतें.

याहून खोल असें दुसरें एक कारण आहे. प्रार्थना म्हणजे मागणें, एवढेंच आमच्या मुलांस लहानपणापासून ठाऊक असतें. परीक्षा, पाऊस, घरांतील आजारी माणूस. मागणें हें कांहीं पाप नव्हे. रोजची भाकर मागावयास प्रभूनेंच शिकविलें. परंतु मागण्यापलीकडे ज्यास कांहींच माहीत नाहीं, त्याची आई दुखण्यांतून उठली नाहीं म्हणजे त्याच्या प्रार्थनेस जागाच उरत नाहीं. तो वाद घालीत नाहीं, मंडळी सोडीत नाहीं, फक्त देवाशीं बोलेनासा होतो. हें मौन आम्हांस अभिप्रेत असलेलें मौन नव्हे, आणि याचीच आम्हांस भीति वाटते.

प्रभूच्या चरित्रांत याहून निराळी गोष्ट आहे. मार्काच्या पहिल्याच अध्यायांत कफर्णहूम येथील एका दिवसाचें वर्णन येतें: सभास्थानांतील शिक्षण, भूतग्रस्ताची सुटका, शिमोनाच्या सासूचा ताप, आणि सूर्य मावळल्यावर दाराशीं लोटलेलें सारें गांव. इतकें झाल्यावर दुसरा कोणी दुसऱ्या दिवशीं उशिरां उठला असता. प्रभु मात्र पहाटे, अंधार असतांनाच, निर्जन स्थळीं गेला. शिमोन व त्याचे सोबती शोधीत आले आणि सर्व लोक आपणांस शोधीत आहेत असें सांगूं लागले. त्या बोलण्यांत किंचित् तक्रार आहे असें आम्हांस नेहमीं वाटतें. तेथें तो पित्याशीं काय बोलला हें मार्क सांगत नाहीं. गेथशेमाने बागेंतील प्रार्थना मात्र आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेथें त्यानें मागणें मागितलें, तीन वेळां मागितलें, आणि मत्तय नमूद करितो कीं तिसऱ्या वेळींहि शब्द तेच होते. मागितलेलें मिळालें नाहीं. प्याला टळला नाहीं. तरीहि तो उठला, त्यानें झोंपलेल्या शिष्यांस जागें केलें व तो पुढें चालूं लागला. न मिळालेल्या उत्तरापाशीं असें उभें राहण्याचें बळ केवळ मागत राहिल्यानें येत नाहीं. त्याचा पाया त्या पहाटेच्या एकांतांत घातलेला असतो.

तो कसा घालावा, हें ख्रिस्ती लोकांस नव्यानें शोधावयाचें नाहीं. मिसर देशाच्या वाळवंटांत राहणाऱ्या संन्याशांकडून जॉन कॅसियन यानें जें ऐकलें, तें त्यानें पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांत लॅटिन भाषेंत लिहून ठेविलें. त्यांत आयझाक नांवाचा एक वृद्ध गुरु अगदीं साधा उपाय सांगतो. ७० व्या स्तोत्राच्या आरंभीं देवास त्वरेनें साहाय्यास बोलावणारें वचन आहे; तें एकच घ्यावें व दिवसभर सोडूं नये. भूक लागो, झोंप न येवो, राग येवो, मन भरकटो, तेंच वचन. पुढें बाराव्या शतकांत फ्रान्समधील कार्थुसियन मठाचा अधिपति दुसरा गीगो यानें या वाटेच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. त्याचा दृष्टांत जेवणाचा आहे. वाचनानें घास तोंडांत जातो, मननानें तो चावला जातो, प्रार्थनेनें त्याची चव लागते, आणि ध्यान ही ती गोडीच होय. शास्त्र असें घोळवीत राहण्यास जुने मठवासी जो लॅटिन शब्द लावीत, रुमिनातिओ, त्याचा अर्थ रवंथ. आमच्या खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांस याचें स्पष्टीकरण नको. चरून आलेला बैल गोठ्यांत बसून काय करीत असतो, हें त्यांनीं पाहिलें आहे. आम्ही शास्त्र गिळतों. गोठ्यांत बसावयास मात्र आम्हांस वेळ नसतो. पायऱ्यांचा क्रमहि पाहण्याजोगा आहे. आपले शब्द तिसऱ्या पायरीवर येतात, आणि आमचा आरंभ तेथूनच होतो व शेवटहि तेथेंच.

यावर एक शंका आमच्या मंडळ्यांतून वेळोवेळीं ऐकूं येते. मौन, आसन, श्वासाकडे लक्ष, एका नामाचा जप, हें सारें हिंदु धर्मांतलें. ख्रिस्ती माणसाचें तेथें काय काम? कॅसियनचे संन्यासी पंढरीस येऊन शिकून गेले नव्हते, एवढें तरी शंकाकारांनीं लक्षांत घ्यावें. आणि नाम घेत चालणारा वारकरी पाहून आम्हांस आपल्याच घरांतील विसरलेल्या ठेव्याची आठवण झाली, तर त्यांत लाज कसली? महाराष्ट्रांत ही वाट नवी नाहीं. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ स्थापन केला तो ख्रिस्तभक्ति या मातीच्या रीतीनें जगतां यावी म्हणूनच. जॅक विन्स्लो यांनीं १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ काढला व पुढें त्याचा आश्रम पुण्यास झाला. येशूसंघाचे अँथनी डी मेलो (१९३१–१९८७) यांनीं त्याच पुण्यांत धर्मगुरूंस व धर्मभगिनींस स्वस्थ बसावयास शिकविलें. १९७८ सालीं निघालेल्या त्यांच्या ‘साधना’ या पुस्तकाचा आरंभच मौनाच्या अभ्यासानें होतो. त्यांच्या पुढील कांहीं लेखनाविषयीं १९९८ सालीं रोमनें सावधगिरीचा इशारा दिला, हेंहि लपवूं नये. आमच्या मतें तो इशारा उपयोगाचा आहे. डोळे मिटून मन निवलें म्हणजे प्रार्थना झाली असें नव्हे; मन तर झोंपेंतहि निवतें. ख्रिस्ती माणूस बसतो तो कोणापुढें तरी बसतो, आणि तो कोण हें शास्त्रावांचून कळत नाहीं. म्हणून वाचन ही पहिली पायरी.

बसल्यावर काय होतें, हें आधींच सांगितलेलें बरें. नाहीं तर दुसऱ्या दिवशीं कोणी येणार नाहीं. दोन मिनिटांत पाय अवघडतात. मग न केलेला गृहपाठ आठवतो, मग क्रिकेट, मग कालचें भांडण. हें काम आपलें नव्हे, असें पुष्कळजण येथेंच ठरवून टाकतात. स्पेनमधील आविला येथील तेरेसा (१५१५–१५८२) हिला १९७० सालीं रोमन कॅथलिक मंडळीनें आचार्य ही पदवी दिली; हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. या बाईनें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे कीं कित्येक वर्षें प्रार्थनेच्या वेळीं तिचें लक्ष घड्याळाचा ठोका कधीं पडतो इकडे असे, आणि हातीं पुस्तक असल्यावांचून तिला बसवत नसे. आमच्या शेवटच्या तासाच्या मुलांनीं हें अवश्य वाचावें! मध्यंतरीं वर्षभराहून अधिक काळ तिनें हा अभ्यास सोडूनहि दिला, आणि मग ती परत येऊन बसली. मन गेलें तर त्यावर रागावूं नये. हळूच त्या वचनाकडे आणावें. शंभर वेळां गेलें तर शंभर वेळां आणावें. हें परत आणणें हीच त्या दिवसाची प्रार्थना समजावी, गोड अनुभव येवो न येवो. आणि हा वेळ आळसाचा असें ज्यांस वाटतें, त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों कीं याच तेरेसेनें गाडींतून स्पेनभर हिंडून सतरा मठ उभे केले.

पॅरिस येथील कार्मेलाइट मठांतला ब्रदर लॉरेन्स (मृत्यु १६९१) हा तर पंडितहि नव्हता. आधीं शिपाई, मग मठाच्या स्वयंपाकघरांत, पुढें वहाणा दुरुस्त करण्याच्या कामावर. स्वयंपाकाची त्याला मुळांतच नावड होती. परंतु कामाच्या वेळेंत व प्रार्थनेच्या वेळेंत त्याला भेद उरला नाहीं. वसतिगृहांत तांदूळ निवडणाऱ्या मुलामुलींस हा मनुष्य गीगोहून जवळचा वाटेल. उलट, पंधरा मिनिटें मौन बसून आलेला विद्यार्थी बाहेर येतांच शेजाऱ्यास ढकलून पुढें जात असेल, तर त्याच्या बसण्यांत कोठेंतरी खोट आहे हें त्याच्या शिक्षकांनीं त्यास सांगावें.

आमची सूचना लहानशी आहे. येत्या जूनपासून आठवड्यांतून दोन दिवस पहिल्या घंटेपूर्वीं पंधरा मिनिटें शाळेची प्रार्थनेची खोली उघडी ठेवावी. हजेरी नसावी, सक्ती नसावी, भाषण नसावें. मोबाइल दप्तरांत व दप्तर बाहेर. ज्यांचा धर्म निराळा आहे अशा विद्यार्थ्यांस शांत बसावयाचें असेल तर त्यांनींहि यावें. त्यांस कोणी कांहीं विचारूं नये. एक शिक्षक असावेत, पण त्यांनीं पुढें उभें न राहतां मुलांतच बसावें. फळ्यावर फक्त उताऱ्याचा अंक लिहावा. पहिल्या आठवड्यास मार्काच्या दहाव्या अध्यायाचा शेवट घ्यावा, यरीहोच्या रस्त्यावरील आंधळ्या बार्तीमयाचा. तो दोनदां सावकाश वाचावा आणि प्रभु त्याला काय हवें म्हणून विचारतो तेथें पुस्तक मिटावें. तोच प्रश्न आपणांस विचारला आहे असें समजून बसून राहावें. उत्तर त्याच दिवशीं सुचलें पाहिजे असें नाहीं. घंटा झाली कीं उठावें व रांगेंत जाऊन उभें राहावें.