मुरमाच्या मैदानावरचा पास

तालुका पातळीवरच्या फुटबॉल संघाचा खेळ ओळखायला पाच मिनिटे पुरतात. गोलकीपर जवळच्या मोकळ्या बॅककडे चेंडू न देता लाथेने अर्ध्या रेषेपलीकडे उडवतो. तिथे दोन्ही संघांची सहा-सात मुले घोळका करून आभाळाकडे बघत उभी असतात. चेंडू ज्याच्या पायाशी पडतो तो मान खाली घालून पळत सुटतो आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला चेंडू घालवून बसतो. मैदानाबाहेरून ‘मार पुढं’, ‘काढ बाहेर’ असा गलका चालूच असतो. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांतले शाळांचे आणि मंडळांचे संघ याला अपवाद नाहीत. हा खेळ जिल्ह्याच्या फेरीत टिकत नाही, याबद्दल फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो कारणाबद्दल, आणि तिथे जे मत सर्रास ऐकू येते ते असे: इथल्या मैदानांवर आणि इथल्या मुलांना पासिंगचा खेळ जमणार नाही, तेव्हा उंच आणि लांब मारणे हीच त्यांची खरी शैली.

या मताचा पहिला आधार मैदान. घोड आणि भीमेच्या काठचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षातले आठ-नऊ महिने मैदान म्हणजे कडक मुरूम, त्यावर फक्कीने आखलेल्या रेषा आणि मधेच वर आलेले खडे. अशा जमिनीवर सरपटणारा पास वाकडा उसळतो, हे खरे. पण तो किती अंतरावर उसळतो, हे बघायला हवे. तीस मीटरच्या पासाला वाटेत वीस ठिकाणी दगा बसू शकतो. आठ-दहा मीटरच्या पासाला दोन-तीन ठिकाणी. म्हणजे खराब मैदान ज्याच्या विरोधात साक्ष देते तो लांब पास. आखूड पासाचा त्यात दोष नाही. शिवाय उंच चेंडूला हे मैदान अनुकूल आहे, हे गृहीतच चुकीचे आहे. कडक जमिनीवर पडलेला चेंडू पुन्हा डोक्याच्या वर उसळतो आणि धावणाऱ्याच्या पुढे निघून समोरच्या गोलकीपरच्या हातात किंवा थेट रेषेबाहेर जातो. उडवलेला चेंडू मऊ गवतावर एक वेळ थांबेल, मुरमावर थांबत नाही.

एक सवलत मात्र द्यायला हवी. शालेय स्पर्धा पावसाळ्याच्या दिवसांत येतात आणि परतीच्या पावसाने मैदानाचा चिखल झाला की पाच मीटरचा पासही रुतून बसतो. त्या दिवशी चेंडू उचलून मारणाराच शहाणा. पण चिखलाच्या चार दिवसांवरून वर्षभराची शैली ठरवणे म्हणजे छत्री घेऊन उन्हाळा काढणे.

दुसरा आधार मुलांच्या अंगाचा. शरीराने किरकोळ मुलांनी धडाक्याने खेळावे, नाजूक पासिंग धिप्पाड संघांना शोभते, असा हा विचार. फुटबॉलचा इतिहास नेमका उलट आहे. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते आणि वजनाने इंग्रजांपेक्षा हलके होते. इंग्रज एकेकटे चेंडू घेऊन घुसत. अंगाला अंग भिडवले तर आपला टिकाव लागणार नाही, हे ओळखून स्कॉटिश खेळाडू चेंडू एकमेकांना देत राहिले. सामना ०-० असा सुटला. एकमेकांना चेंडू देत खेळण्याच्या पद्धतीचा उगम पुष्कळदा या सामन्याशी जोडला जातो. पासिंग जन्मले ते दुबळ्यांची सोय म्हणून.

इतके लांब जाण्याचीही गरज नाही. दौंडवरून जी रेल्वे हैदराबादला जाते तिच्या दुसऱ्या टोकाला, याच दख्खनच्या पठारावर, सय्यद अब्दुल रहीम यांनी भारतीय फुटबॉलचा सर्वात यशस्वी काळ घडवला. रहीम पेशाने शिक्षक होते. एका स्पर्शात चेंडू पुढे देण्याची सवय लागावी म्हणून त्यांनी हैदराबादेत ड्रिबलिंगला मनाई असलेल्या स्पर्धा भरवल्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तिथे मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदकही मिळाले. ते खेळाडू काही हिरवळीवर वाढलेले नव्हते.

याच मताची एक पोटशाखा म्हणते की ही माती कुस्तीची, कबड्डीची आणि खो-खोची. फुटबॉलची समज तिच्यात नाही. खो-खो नीट पाहिलेला माणूस असे म्हणणार नाही. पाठलाग करणाऱ्याला उलट फिरता येत नाही, म्हणून तो जवळ बसलेल्या गड्याला खो देतो. खो योग्य क्षणी आणि योग्य बाजूने द्यावा लागतो, आणि घेणारा आधीच उठला तर फाउल होतो. चेंडू नाही एवढे सोडले तर हा पासच आहे. कबड्डीतली साखळीही तशीच, शेजारच्या गड्याचा अंदाज घेत हलणारी. जी मुले सकाळी हे खेळ खेळतात ती संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर अचानक एकलकोंडी होतात, याचा दोष मातीला देता येणार नाही.

तिसरा आधार आकडेवारीचा, आणि तो सर्वात भारदस्त दिसतो. ब्रिटिश हवाई दलातले चार्ल्स रीप यांनी १९५० पासून सामन्यांतल्या प्रत्येक चालीची नोंद ठेवली. १९६८ मध्ये सहलेखक बेंजामिन यांच्यासह त्यांनी निबंध प्रसिद्ध केला: सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. मग जास्त पास कशाला, चेंडू लवकर पुढे पोचवा, असा निष्कर्ष निघाला आणि इंग्लंडच्या प्रशिक्षणावर त्याची छाप पुढे कित्येक वर्षे राहिली. गफलत त्याच नोंदींत दडलेली होती. मुळात ९० टक्क्यांहून अधिक चाली तीन किंवा कमी पासांतच संपत होत्या. शिरूरच्या वाचकाला हा हिशेब बैलगाडा शर्यतीच्या घाटात चटकन कळेल. शंभरातल्या नव्वद बाऱ्या एकाच गावच्या असतील आणि बक्षिसे मात्र शंभरातली ऐंशीच त्या गावाला मिळाली, तर ते गाव जिंकले असे कोणी म्हणणार नाही. उरलेल्या दहा बाऱ्यांनी वीस टक्के बक्षिसे नेली. प्रत्येक चालीमागे होणारे गोल मोजले तर लांबलेली चाल आखूड चालीच्या दुपटीने फळते.

आता पासिंग कच्चे का, या मूळ प्रश्नाकडे. पास चुकला की तो देणाऱ्याला शिव्या बसतात. बहुतेक वेळा दोष उरलेल्या दहा जणांचा असतो. चेंडू एकाच्या पायाशी आणि बाकीचे प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे लपलेले, अशा वेळी द्यायचा कोणाला? मग तो उडवतो. दुसरा दोष नजरेचा. चेंडू येण्यापूर्वी मान वळवून आजूबाजूला पाहणाऱ्या खेळाडूंचे पास जास्त अचूक जातात, हे नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या निरीक्षणातून दाखवले आहे. तालुक्यातला मुलगा चेंडू पायात आल्यावर बघायला लागतो. तोवर कोणीतरी अंगावर आलेले असते.

आणि हे शिकायला मुलाला वेळ किती मिळतो? दीड तासाच्या सरावात बावीस मुले एका चेंडूमागे धावली तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी चार मिनिटे येतात, तीही चेंडू एकदाही बाहेर गेला नाही तर. चार चेंडू घेऊन पाच-सहा जणांची रिंगणे केली, एकाला मध्ये घातले आणि बाकीच्यांनी त्याला चकवून चेंडू फिरवला, की तोच वाटा चौपट होतो. यासाठी गवत लागत नाही, शाळेच्या पटांगणाचा कोपरा पुरतो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य शासनाने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ राबवून शाळाशाळांत फुटबॉल पोचवले. एका दिवसात दहा लाख मुलांनी खेळावे असे उद्दिष्ट होते. चेंडू पोचले, दुसऱ्या दिवशी त्यांचे काय करायचे, हे कार्यक्रमात नव्हते.

शैली मुरायला काळ लागतो, याचे मोठे उदाहरण जिल्ह्यातच आहे. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ असा पाच हंगाम इंडियन सुपर लीगमध्ये होता. पैसा होता, गवत होते, परदेशी खेळाडू होते. हंगामी नेमणुका सोडल्या तरी मुख्य प्रशिक्षक सहा झाले: कोलोम्बा, प्लॅट, हाबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राउन. त्यातल्या पोर्तुगाल यांना अवघ्या तीन सामन्यांनंतर निरोप मिळाला. दर वर्षी नवा गुरू आणि नवी पद्धत. बाद फेरी एकदाच गाठता आली, २०१७-१८ मध्ये. २०१९ मध्ये संघ बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली.

तालुक्याच्या संघाला तर पाच हंगामही मिळत नाहीत. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. तालुका, जिल्हा, विभाग अशी चढण, आणि पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघाचे वर्ष त्या दुपारी संपते. एका चुकीने वर्ष जाणार असेल तर शिक्षक ‘काढ बाहेर’ असेच ओरडणार. उडवाउडवीचे खरे मूळ या कार्यक्रमपत्रिकेत आहे, आणि तिच्यावरचा उपाय स्थानिक आहे. शिरूर, न्हावरे, तळेगाव ढमढेरे, केडगाव, पाटस आणि दौंड अशा सहा ठिकाणच्या शाळांनी दिवाळीनंतर आपसांत साखळी सामने ठेवले तर प्रत्येक संघाला एकाऐवजी पाच सामने मिळतील, परतीचे धरले तर दहा. न्हावरे-चौफुला रस्त्याने दोन्ही तालुके जोडलेलेच आहेत. उसाच्या ट्रॅक्टरांमुळे गाडीला थोडा उशीर होईल इतकेच. क्रीडाशिक्षकांनी पहिल्या वर्षी गुणतक्त्याशेजारी आणखी एक रकाना ठेवावा: सलग पाच पास किती वेळा झाले.