आजारपणाचे सोंग आणि संपाचा हक्क

७ मे २०२४ च्या रात्रीपासून एअर इंडिया एक्सप्रेसच्या शंभराहून अधिक हवाई सेवक-सेविकांनी आपण आजारी असल्याचे कळविले, उड्डाणांमागून उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर उतारूंची दैना उडाली. कंपनीने २५ जणांना बडतर्फ केले. पुढे ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली, बडतर्फी मागे घेण्यात आली आणि आजाऱ्यांनाही तात्काळ आराम पडला! परीक्षेच्या दिवशीच ज्याचे पोट दुखते असा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा असतो. परंतु शिकलीसवरली, जबाबदारीची कामे करणारी माणसे हाच मार्ग का धरतात, याचा विचार त्या बैठकीबरोबर संपावयास नको होता.

हे प्रथमच घडले असेही नाही. २००९ मध्ये मुंबईच्या जेट एअरवेजने संघटना काढण्यात पुढाकार घेणाऱ्या दोन वैमानिकांना काढून टाकले, तेव्हा त्यांचे शेकडो सहकारी असेच एकाएकी आजारी पडले. मुंबई उच्च न्यायालयाचा मनाई हुकूमही त्यांना बरे करू शकला नाही. बडतर्फांना परत घेण्याचे ठरले तेव्हाच विमाने सुरळीत उडू लागली. मे २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचे दुखणे तर ५८ दिवस लांबले. तेथे नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणाला द्यावयाचे हा वाद होता, आणि त्याचे मूळ २००७ साली इंडियन एअरलाइन्सच्या झालेल्या विलीनीकरणात होते. तिन्ही प्रसंगी गाऱ्हाणे आधीपासून धुमसत होते.

या सोंगाचे समर्थन आम्ही करू इच्छीत नाही. साध्या पडशाने कान दडलेल्या माणसाने विमानात चढू नये, अस्वस्थ वैमानिकाने स्वतः होऊन तसे सांगावे, आणि त्या सांगण्यावर कोणी संशय घेऊ नये, यावर उतारूंची सुरक्षितता अवलंबून असते. हाच शब्द वेतनाच्या वा बढतीच्या भांडणात खर्ची पडला, की उद्या खरोखरच तापलेला माणूस व्यवस्थापकाच्या डोळ्यांत लबाड ठरेल, आणि नोकरीच्या भीतीने तो तसाच कामावर येईल. आमच्या मते उड्डाणे रद्द झाल्याने होणाऱ्या हानीपेक्षा ही हानी अधिक गंभीर आहे.

परंतु उघड संपाची वाट तरी कितपत मोकळी आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. समेटाची बोलणी चालू असेपर्यंत आणि त्यानंतर ७ दिवस संप करता येत नाही. निम्म्या वा अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतल्यास तोही संपच मानला जातो. उतारूंच्या दृष्टीने नोटिशीची अट योग्यच आहे. मात्र नोटीस देणाऱ्याचे म्हणणे त्या मुदतीत ऐकून घेण्याची निकड व्यवस्थापनाला वाटत नसेल, तर ती अट कामगारालाच तेवढी बांधून ठेवते.

कॅनडात ऑगस्ट २०२५ मध्ये निराळे चित्र दिसले. एअर कॅनडाच्या १०,००० हून अधिक हवाई सेवकांनी ७२ तासांची नोटीस देऊन १६ तारखेला काम थांबविले. विमान जमिनीवर असताना केलेल्या कामाचा मोबदला मिळत नाही, हे त्यांचे प्रमुख गाऱ्हाणे साऱ्या देशाला ठाऊक झाले होते. सरकारने काही तासांतच कामावर परतण्याचा हुकूम काढला. तो मानणार नाही, असे संघटनेने राजरोस सांगितले. सरकारी आदेश झुगारण्याची ही रीत सर्वांना पटेल असे नाही. तरीही कोण कशासाठी भांडत आहे हे उतारूंपासून लपून राहिले नाही आणि १९ तारखेला तडजोड झाली.

आपल्या नव्या संहितेतही वाटाघाटीसाठी संघटनेला मान्यता देण्याची तरतूद आहेच. तिचा अंमल विमान कंपन्यांत प्रथम झाला पाहिजे, आणि संघटना काढणाऱ्याला घरी बसविणाऱ्या व्यवस्थापनाला सरकारने तितक्याच तत्परतेने जाब विचारला पाहिजे. २०२४ मध्ये कामगार आयुक्तांच्या समोर जे एका बैठकीत जमले, ते पहिले उड्डाण रद्द होण्यापूर्वी का जमू शकले नाही, याचा खुलासा कंपनीने आणि कामगार खात्याने करावयास हवा.