कयाक, होडी आणि आपला काठ

आज पिकाचं काही नाही, पाण्याचं लिहितोय.

उजनीच्या फुगवट्यावर अलीकडं शहरातली पोरं कयाक घेऊन येताना दिसतात. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका-दोघांना बसता येईल अशी निमुळती, हलकी होडी, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. इंजिन नाही, आवाज नाही, गुडघाभर पाण्यातही चालते. गावात यावर दोन मतं आहेत. तरुण म्हणतात, चार पैसे येतील. म्हातारी माणसं म्हणतात, आमची घरं-रानं ज्या पाण्याखाली गेली तिथं कसली मौज करता? त्या दुसऱ्या मताला मी हसत नाही. धरण १९८० साली पुरं झालं तेव्हा मी शाळेत होतो, आमचीही मळई आतच आहे.

तरीपण माझं म्हणणं आहे की धरणाकाठच्या शेतकऱ्यानं वर्षातनं दोनदा तरी आपला काठ पाण्यातून बघावा आणि पायीही फिरावा. काठावर उभं राहिलं की आपल्याला आपली मोटार दिसते, शेजाऱ्याची दिसते, बास. पाण्यातून सगळा काठ एका ओळीत दिसतो. कुठं पावसानं बांध फुटून काळी माती धरणात उतरलीय, कुठं ओढ्याच्या तोंडाशी जलपर्णी दाटलीय, कुठं पाणी हिरवंगार होऊन वास मारतंय. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं हे आपण बोलतो, आणि ते खरंच आहे. पण काठाकाठानं वल्हवत गेलं की आपल्या रानातून काय येतं तेही कळतं. तणनाशकाच्या रिकाम्या बाटल्या मी पाण्यावर तरंगताना पाहिल्यात. त्या काही पुण्याहून आलेल्या नव्हत्या.

चालायला जावं ते पाणी उतरल्यावर. जानेवारीपासून जमीन उघडी पडायला लागते. गाळपेरीत हरभरा, मका, कडवळ नुसत्या ओलीवर काय येतं ते पाहण्यासारखं असतं. कृषीच्या पोरांनी तर मुद्दाम यावं. वरच्या रानात खताच्या पिशव्या ओतायच्या आणि खाली दहा पावलांवर बिनखताचं पीक उभं, हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही. माझं मत विचाराल तर गाळपेरीत तणनाशक आणि जहाल कीटकनाशक मारायला साफ बंदी हवी. ती जमीन चार महिन्यांनी पुन्हा पाण्याखाली जाते, आणि तेच पाणी गावं पितात. एक सांगून ठेवतो, वरनं वाळलेला दिसणारा गाळ आत लोण्यासारखा असतो. जनावरं रुततात, माणूसही रुततो. हातात काठी असल्याशिवाय नव्या भेगाळ जमिनीवर पाय टाकू नये.

२०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं तेव्हा किती लोक बघायला आले! गावची म्हातारी माणसं दगडाला हात लावून उभी होती. त्याच उन्हाळ्यात आपण सगळ्यांनी पाण्याच्या मागं मागं चाऱ्या खोदल्या, पाइप वाढवले, केबल वाढवल्या. आता तेच मोठं भ्या आहे. केबलचे जोड नुसती टेप गुंडाळून पाण्यात पडलेले असतात. मासेमार रोज त्यातून होडी काढतो, उद्या कयाकवाला ॲल्युमिनियमचं वल्हं घेऊन त्यातूनच जाणार. प्रत्येक जोड मेढीवर, पाण्याच्या वर बांधायला किती खर्च येतो? दोन बांबू. पाइपाला एक रिकामा कॅन बांधला की लांबूनही दिसतो. हे सरकारनं करायचं काम नाही.

जॅकेटचं मात्र कुणाचंही ऐकून घेणार नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं येणारी होडी संध्याकाळच्या वादळवाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. रस्त्यानं वळसा लांबचा, म्हणून लोक होडीनंच जातात, पोटासाठी जातात. मग पाहुण्याला जॅकेट आणि आपल्या माणसाला काही नाही, हा कुठला न्याय? आपल्याकडं पूर्वी गुळाच्या काहिलीत बसून पूर पार केलेले लोक आहेत, त्यामुळं "आपल्याला पोहता येतंय की" हे उत्तर ठरलेलं असतं. वारा सुटला की उजनीच्या रुंद पाण्यावर लाटा उठतात, त्यात पट्टीचा पोहणाराही दमतो. सकाळी पाणी आरशासारखं असतं तेव्हा जावं, नऊ-दहाच्या आत काठाला यावं. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यात जाऊच नये.

भिगवण, कुंभारगाव, डिकसळकडं मासेमारांनी फ्लेमिंगो दाखवायचा धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केलाय. तो कयाकनं मोडता कामा नये. पक्ष्यांना बिनआवाजी होडी म्हणून कयाक चालते असं शहरातले म्हणतात. माझ्या पाहण्यात तसं नाही. उथळ चिखलात चरणारा थवा माणूस जवळ आला की उठतोच, इंजिन असो वा नसो. उलट कयाक अगदी उथळात शिरते, तिथं आमच्या मासेमाराची मोठी होडी जाऊच शकत नाही. म्हणून वाटाड्या गावचाच हवा. थवा कुठं बसतो, जाळी कुठं लावलीत, खडक कुठं वर आलेत, हे त्याला पाठ असतं. आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

आम्ही चार-पाच जण पाणी उतरायला लागलं की आमच्या शिवेपासून डिकसळच्या जुन्या पुलाकडं काठानं चालत जाणार आहोत, वाटेतले उघडे केबल-जोड वहीत लिहून घेत. ज्याचा जोड असेल त्याला आधी फोन करू. यायचं असेल त्यांनी कमेंटमध्ये गाव लिहा. भाकरी आपापली आणा.