लिपी कुणाच्या बापाची?

चार वर्षं मी दुसऱ्याच्या नावानं पेपर लिहिलेत. चोरून नाही, कायद्यानं. माझा दोस्त आंधळा, मी त्याचा लेखनिक. चाळ एक, नळ एक, मोर्चे एक. तो माझ्यापुढं दोन यत्ता. तो बोलायचा, मी लिहायचो.

शेवटचा पेपर देऊन परत येताना तो म्हणाला, "अरे, तू शोषण लिहिलंस ते कुठल्या श नं?" मी म्हटलं, "पहिला शहामृगाचा, दुसरा पोटफोड्या." तो हसला. "भाषणात रोज बोलतो साला. दोन वेगळे असतात हे आज कळलं."

मला हसू आलं नाही. पंधरा वर्षं शिकलेला माणूस. मार्क्सवर तासभर बोलेल, जोतीबांवर दोन तास. पण त्याच्या बोटाला एक अक्षर माहीत नाही. का? तर लहानपणी शाळेत मास्तर म्हणाले, आता ब्रेल कशाला? रेकॉर्डिंग आहे, मोबाइल बोलतो. ब्रेलची पुस्तकं जाडजूड, ठेवायला जागा नाही, शिकवायला माणूस नाही. ऐक आणि पाठ कर.

ऐक आणि पाठ कर! मित्रांनो, हे वाक्य ओळखीचं वाटतं का? अक्षरापासून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं त्यांच्या पोरांना हे सांगायला लागू नये. डोळस पोराच्या हातात रेडिओ देऊन कुणी म्हणतं का, बाळा, तुला बाराखडीची गरज नाही? मग आंधळ्याच्याच वाट्याला हे का? ऐकून गोष्ट कळते, पण शुद्धलेखन कळत नाही, स्वल्पविराम कळत नाही, गणिताची मांडणी कळत नाही. आपलंच वाक्य परत चाचपून खोडता येत नाही. ऐकणारा दुसऱ्याच्या वेगानं चालतो. वाचणारा आपल्या वेगानं थांबतो, मागं जातो, भांडतो.

ही लिपी आली कुठून ते बघा. लुई ब्रेल 1809 सालचा, फ्रान्समधल्या एका खेड्यातला. बाप घोड्याचं खोगीर-लगाम बनवणारा, चामड्याचा कारागीर. तीन वर्षांचं पोर बापाच्या आरीशी खेळलं, आरी डोळ्यात गेली. एक डोळा गेला, मग दुसराही. आपल्यातल्या कितीजणांच्या घरात ती आरी होती! पॅरिसच्या अंधशाळेत तेव्हा उठावाची मोठमोठी रोमन अक्षरं होती. डोळसांनी डोळसांच्या सोयीची केलेली. चाचपून वाचायला युग लागायचं, लिहायला तर यायचंच नाही. बार्बिए नावाच्या लष्करी माणसानं बारा ठिपक्यांची एक रीत आणली. एका बोटाखाली ती मावत नव्हती. पंधरा वर्षांच्या लुईनं 1824 च्या सुमारास बाराचे सहा केले. सहा ठिपके, 63 आकार, एका बोटाच्या टोकाखाली. जिनं डोळे गेले तसल्याच टोकदार हत्यारानं त्यानं अक्षर टोचलं.

आणि शाळेनं काय केलं? 1840 नंतर नव्या संचालकानं ही लिपी बंद केली. पुस्तकं जाळली. कारण डोळस मास्तरांना ती वाचता येईना! पोरं चोरून टोचत राहिली. लुई 1852 ला मेला, लिपीला सरकारी मान्यता 1854 ला मिळाली. अंधांची लिपी अंधानं केली हाच तिचा गुन्हा होता.

आपल्याकडं एकेका भाषेच्या वेगवेगळ्या ब्रेल होत्या. 1951 ला भारती ब्रेल ठरली. त्यात मराठीचा 'श' वेगळा, 'ष' वेगळा. माझ्या दोस्ताला पाटी आणि स्टायलस मिळाली असती, उजवीकडून डावीकडं टोचून कागद उलटा करून वाचायची सवय लागली असती, तर त्यानं मला विचारलं नसतं.

मी यंत्राच्या विरोधात नाही. 2006 ला ऑस्ट्रेलियात दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए नावाचं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. फुकट. दोस्ताच्या जुन्या कॉम्प्युटरवर तेच बडबडतं. उतारवयात नजर गेली, मधुमेहानं बोटं बधिर झाली, त्याला कानानंच वाचावं लागणार. पण यंत्र अक्षरानंतर येतं, अक्षराऐवजी नाही. लहान पोराला आधी ठिपके द्या, मग मशीन द्या. दोन्ही द्या. 2016 च्या कायद्यात कलम 17 आहे : ब्रेल येणारे शिक्षक नेमा, त्यांत अपंग शिक्षकही घ्या, अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं फुकट द्या. ही भीक नाही, कायदा आहे. त्याच वर्षी सरकारनं आपल्या खात्याच्या नावात 'दिव्यांग' शब्द घातला. आपल्याला 'हरिजन' म्हणाले तेव्हा आपण तो शब्द परत फेकला होता. देवाचं नाव चिकटवलं की देणं चुकवायला सोपं जातं. दिव्य वगैरे राहू द्या, ब्रेल शिकवणारा मास्तर द्या.

आता आपल्या गिरेबानात बघू. व्यवस्थेला शिव्या देणं सोपं आहे. मी दोस्ताला आपल्या अंकाची फाइल पाठवली. त्याचं मशीन 'क्यू, डब्ल्यू, कंस, टक्का' असं काहीतरी बरळायला लागलं. कारण आपण अजून जुन्या फॉन्टात जुळवतो. पडद्यावर मराठी दिसते, आत इंग्रजी बटणांचा कचरा असतो. दुसरा अंक पाठवला, तो स्कॅन केलेला. मशीन गप्प. तो म्हणाला, "तुमच्या विद्रोहाला मला बाहेरच उभं करायचंय का रे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पाणवठ्यावर आपल्याला कुणी उभं केलं नाही म्हणून आपण लढलो, आणि आपल्याच पानाच्या दारात आपला माणूस उभा.

कायदा आड येत नाही. 2012 च्या दुरुस्तीनं अपंगांना वाचता यावं म्हणून पुस्तकाचं रूप बदलायला परवानगी दिलीय. 2013 च्या मराकेश कराराला 2014 ला सगळ्यात आधी मान्यता भारतानंच दिली. आड येतो तो आपला आळस. म्हणून संपादक मंडळाला माझं सांगणं आहे : पुढचा अंक युनिकोडात जुळवा. मागचे अंक आपण दहा जण वाटून घेऊन परत टाइप करू. पहिले दोन मी घेतले.

आणि दोस्तानं पाटी मागवलीय. सव्विसाव्या वर्षी बाराखडी. मीही शिकतोय त्याच्यासोबत, डोळे मिटून. काल त्यानं पहिला शब्द टोचला. कागद उलटा केला, बोट फिरवलं, थांबला.

"ष पोटफोड्या," तो म्हणाला. "सापडला साला."