सुजलेला हात आणि रोवणीचा हंगाम

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून, काखेतल्या लसिकाग्रंथी काढून नागपूरहून परतलेल्या बाईच्या कानावर एक सूचना हमखास पडलेली असते: त्या हाताने वजन उचलू नका. गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यात ही सूचना रोवणीपर्यंत टिकते. पाऊस लागला की बाई बांधीत उतरतेच. घरात काम करणारे दुसरे हात नसतात आणि मजुरीचा हंगामही तेवढाच. मग हात सुजतो, आणि 'सांगितलं तरी ऐकत नाहीत' असे म्हणून आपण उपचार करणारे मोकळे होतो.

ऐकण्यासारखे आपण सांगितले होते का?

वजनाची ही भीती आता शास्त्राच्या आधारावरही उभी नाही. २००९ साली कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाने लिम्फेडेमा, म्हणजे अशी हातसूज, असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देखरेखीखाली, दाबपट्टीची बाही घालून, हळूहळू वजन वाढवत गेलेल्या गटात हाताची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही. उलट, त्रास उफाळण्याचे प्रमाण १४ टक्के होते, तर व्यायाम न करणाऱ्यांत २९ टक्के. हात वापरायचा आहे. तो अचानक, तयारीविना वापरला की बिघडतो. जुलैत रोवणी असेल तर बळ वाढवायला मार्च-एप्रिलमध्येच सुरुवात करायला हवी. पाण्याच्या बाटल्या पुरतात, जिम लागत नाही. त्याआधी हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि हाडांत आजार पसरला आहे का, हे फाइलमध्ये पाहून घ्यावे, एवढे मात्र खरे.

चिखलाचा प्रश्न वेगळा. रोवणीत एका हातात पऱ्ह्यांची पेंडी असते, दुसरा तासन्‌तास खाली लोंबत चिखलात जातो. बोटांची कातडी भिजून फाटते आणि जंतूंना वाट मिळते. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, हे फाइलवर असते. रोवणारा हात कोणता, हे विचारावे लागते. दोन्ही एकच असतील तर पेंडी वाहण्या-वाटण्याचे काम तिला मिळेल का, हे घरच्यांशी बोलून ठरवता येते. बांधी संपली की हात वर करून मूठ उघडझाप. घरी आल्यावर साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, तेल लावणे. हात लाल झाला, तापला, अंगात थंडी भरली तर त्याच दिवशी डॉक्टर.

ही शिस्त आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पूर्व विदर्भ हत्तीरोगाचा पट्टा. सुजलेला पाय धुवायचा कसा, पुसायचा कसा, उंचावर ठेवायचा कसा, हे राष्ट्रीय कार्यक्रमातून शिकवले जाते. टब, मग, टॉवेल, साबण, मलम असा संचही दिला जातो. काखेतल्या शस्त्रक्रियेने आलेली सूज आणि जंतामुळे आलेली सूज यांची कारणे निराळी, पण कातडीची निगा जवळपास तीच. हे शिकवू शकणारी आशाताई गावात आहे. कर्करोगाच्या रुग्णाला तिच्यापर्यंत पोहोचवण्याचा कागद मात्र कुणी लिहीत नाही. तो आपण लिहावा. (नवीन सूज आली तर आधी रक्ताची गुठळी किंवा आजार परतल्याची शंका तपासून घ्यावी, आणि मगच व्यायाम.)

तोंडाच्या कर्करोगाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर स्वतंत्र अंक करण्याइतका खर्रा या भागात खाल्ला जातो. सुपारीने आक्रसलेले तोंड रेडिएशनआधीच कमी उघडत असते. त्यामुळे तोंड उघडण्याचा ३५ मिलिमीटरच्या खाली गेलेला आकडा उपचाराचा की खर्ऱ्याचा, हे नंतर कळत नाही. रुग्ण नागपूरच्या तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या कर्करोग संस्थेत जाण्यापूर्वी दातांमधले अंतर मोजून तारखेसह लिहून द्यावे, जबड्याचे व्यायामही तेव्हाच सुरू करावेत. रेडिएशन संपल्यावरही स्नायू महिनोन्‌महिने आखडत राहतात, आणि त्या काळात रुग्ण गावात असतो, आपल्या हाताशी.

यंदा उन्हाळ्यात, तेंदूपत्ता सुरू होण्याआधी, प्रत्येकाने आपल्या नोंदवहीतून काखेतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची नावे काढावीत आणि त्यांना बोलावून एकच विचारावे: येत्या हंगामात कोणते काम करणार आहात?