म्हातारा कुत्रा खोकू लागतो तेव्हा

मध्यरात्र उलटून गेलेली असते. घरातले सारे झोपलेले. आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून आवाज येतो, ‘खॅक... खॅक... खॅऽऽक!’ शेवटी ओकारी काढल्यासारखे होते, थोडासा पांढरा फेस पडतो आणि पुन्हा सारे शांत. दिवा लावून पाहावे, तर घरातला म्हातारा कुत्रा आपल्याकडे बघून शेपूट हलवतो, जणू काही झालेच नाही. “काहीतरी अडकले असेल घशात,” असे कोणीतरी म्हणते आणि दिवा मालवला जातो.

आमच्या घरीही हा दिवा असाच पाच महिने मालवला जात होता.

आमचा भोलू लॅब्रॅडॉर जातीचा. नागपूरला आमच्याकडे आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. मुलींच्या शाळेच्या डब्यातली उरलेली पोळी खाऊन तो वाढला. २०१७ च्या जानेवारीत, अकराव्या वर्षी, त्याला खोकला सुरू झाला. पाणी प्यायला की ठसका, जेवला की ठसका. सासूबाई म्हणाल्या, “थंडी बाधली असेल.” म्हणून मध झाला, तुळशीचा रस झाला, अडुळशाचे औषध झाले. डॉक्टरांनी दोनदा गोळ्या दिल्या. चार दिवस बरे वाटायचे, पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली होती. भोलूचे भुंकणे बदलले होते. पूर्वी फाटकाशी कोणी आले की त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आता घसा बसलेल्या माणसासारखा खरखरीत, दबका आवाज निघायचा. आम्ही हसायचो. धाकटी म्हणायची, “आजोबा झाला आता भोलू!” हे डॉक्टरांना सांगावे, असे एकालाही सुचले नाही.

मे महिना आला. नागपूरचा मे वाचकांना सांगायला नको. एका संध्याकाळी ऊन उतरले असे समजून ह्यांनी त्याला फिरायला नेले आणि दहाच मिनिटांत परत आणले. श्वास आत घेताना लाकडावर करवत चालावी तसा आवाज येत होता. पाय फाकलेले, डोळे विस्फारलेले, जीभ निळसर पडलेली. अंगावर पाणी ओतले, गाडीत खिडकीशी बसवले आणि दवाखाना गाठला. तिथे प्राणवायू आणि त्याला शांत करणारे इंजेक्शन मिळाले, म्हणून तो वाचला.

त्या दिवशीच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “याचे भुंकणे बदलले आहे का?”

घशाचे दार

दुसऱ्या दिवशी हलकी भूल देऊन त्यांनी भोलूचा घसा आतून पाहिला, आणि मग कागदावर चित्र काढून आम्हाला समजावले. श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वरयंत्र असते. त्याला कूर्चेची दोन दारे असतात. श्वास घेताना ती उघडतात, अन्नपाणी गिळताना मिटतात. ती उघडण्याचे काम ज्या मज्जातंतूंच्या हाती आहे, ते तंतू मोठे विलक्षण आहेत. मानेतून ते थेट स्वरयंत्रात न जाता आधी छातीत उतरतात, तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वळसा घालतात आणि पुन्हा वर चढून घशाशी येतात. मोठ्या कुत्र्यांत ही वाट फारच लांब होते. म्हातारपणी शरीरातले असे लांब मज्जातंतू आधी झिजू लागतात. मग दारे उघडायची थांबतात आणि श्वास घेताना उलट आत ओढली जातात. याला स्वरयंत्राचा पक्षाघात म्हणतात. उतारवयातल्या लॅब्रॅडॉर कुत्र्यांत तो विशेष आढळतो.

आता एकेक गोष्ट जुळू लागली. दारे नीट मिटत नाहीत, म्हणून पाणी पिताना ठसका. त्याच दारांना स्वरतंतू जोडलेले, म्हणून आवाज बसलेला. आणि उन्हाळा जिवावर आला, कारण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो. दार अरुंद झाले की धापेला जोर लागतो, त्या जोराने अंग आणखी तापते, घसा सुजतो आणि दार आणखी अरुंद होते. मागचे पाय वर्षभर थोडे लटपटत होते, ते आम्ही संधिवातावर ढकलले होते. तेही त्याच झिजणाऱ्या मज्जातंतूंचे काम निघाले.

उपाय होता शस्त्रक्रियेचा. एका बाजूचे दार टाक्याने ओढून कायमचे उघडे बांधून ठेवायचे. डॉक्टरांनी धोकाही लपवला नाही. दार कायम उघडे राहिल्यावर अन्नपाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती जन्मभर राहते, शिवाय पाय पूर्ववत होणार नाहीत ते नाहीतच.

घरात दोन मते पडली. सासूबाई म्हणाल्या, “वय झालंय गं त्याचं. कशाला आता चिरफाड? शांतपणे जाऊ दे.” ह्यांनाही खर्च आणि प्रवास दिसत होता. मी गप्प होते. शेवटी थोरली म्हणाली, “आजी, शांतपणे जाईल असं वाटतंय का तुला? तू त्या संध्याकाळी नव्हतीस.” त्यावर कोणी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली.

भोलू त्यानंतर दोन वर्षे जगला. पाणी पिताना कधीमधी ठसका लागे, आवाज अखेरपर्यंत बसलेलाच राहिला, पण तो शांत झोपू लागला. २०१९ च्या पावसाळ्यात तो गेला, तेव्हा पाय पार गेले होते, श्वास मात्र मोकळा होता. त्याला सर्वांत जास्त जवळ घेऊन बसल्या त्या सासूबाईच.

प्रत्येक खोकला सारखा नसतो

ही हकीकत वाचून ‘आमच्याही कुत्र्याला हेच झाले असणार’ असे मात्र ठरवू नका. खोकला हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्याच्या आवाजात आणि वेळेत बरीच माहिती दडलेली असते.

पॉमेरेनियनसारख्या लहान जातीचा कुत्रा आनंदाने उड्या मारताना किंवा पट्टा ओढताना बदक ओरडल्यासारखा खोकत असेल, तर श्वासनलिका ढिली पडल्याची शंका घ्यावी. ही नळी उघडी राहते ती कूर्चेच्या कड्यांमुळे. कडी मऊ पडली की नळी चपटी होते. लठ्ठ कुत्र्यांना याचा त्रास अधिक. अशा कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आजच काढा आणि छातीवरून बांधायचा पट्टा आणा. वजन उतरवले तर औषधाइतकाच गुण येतो.

लहान जातीचा म्हातारा कुत्रा खोकतो, चटकन दमतो आणि रात्री नीट झोपत नाही, तेव्हा हृदय तपासून घ्यावे. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप वयाबरोबर जाड होते, रक्त मागे गळू लागते, हृदय फुगते आणि शेजारच्या श्वासवाहिनीवर दाबते. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून हे बरेच आधी कळू शकते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे दिसले, की हृदय मोठे झाले आहे पण त्रास अजून सुरू झालेला नाही अशा कुत्र्यांना पिमोबेंडन हे औषध दिल्यास हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे १५ महिने पुढे ढकलता येते. कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे काही थोडके नव्हेत.

तुम्ही गावाला जाताना कुत्र्याला इतर कुत्र्यांसोबत ठेवले असेल आणि परतल्यावर काही दिवसांत कोरडा, ठासून येणारा खोकला सुरू झाला असेल, तर तो संसर्गाचा असण्याचा संभव आहे. तरुण कुत्रा यातून बहुधा लवकर बरा होतो. म्हाताऱ्याच्या बाबतीत वाट पाहू नये.

आपल्या देशात जंतांचाही विचार करावा लागतो. डासांवाटे शिरणारा एक जंत हृदयात आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत घर करतो. शेणकिडे खाणाऱ्या कुत्र्यांत दुसरा एक जंत अन्ननलिकेत गाठी करतो. त्यात खाल्लेले न पचताच परत येते, आणि कधी खोकलाही येतो. क्वचित फुप्फुसातली गाठही खोकल्यानेच स्वतःची ओळख देते. म्हणूनच तीन आठवडे खोकणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचा छातीचा एक्स-रे काढायला डॉक्टरांनी सांगितले, तर खर्चाकडे पाहून टाळू नये.

तोंडात हात घालण्यापूर्वी

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. कुत्रा घशात हाड अडकल्यासारखे करतो, लाळ गळते, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आवाज बदललेला आहे, हे दिसताच घरातला धीट माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. असे कधीही करू नका. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात आणि कुत्रा हुबेहूब असाच दिसतो. रेबीजचे विषाणू लाळेत असतात आणि हातावरचा छोटासा ओरखडाही त्यांना पुरतो.

दरवर्षी वेळेवर लस घेतलेल्या, घरातच राहणाऱ्या कुत्र्याला हा धोका फार कमी. परंतु लस चुकलेली असेल, अलीकडे कोणा अनोळखी कुत्र्याशी त्याची झटापट झालेली असेल किंवा स्वभाव अचानक पालटलेला असेल, तर त्याला एका खोलीत एकटे ठेवा, मुलांना दूर करा आणि पशुवैद्यांना फोन करा. लाळ जखमेला लागली असेल किंवा डोळ्यांत, तोंडात गेली असेल, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा, डोळे आणि तोंड नुसत्या भरपूर पाण्याने धुवा, आणि त्याच दिवशी स्वतः डॉक्टरांकडे जाऊन लस घ्या. या रोगाची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली, की मग उपाय जवळजवळ उरत नाही.

घरी काय करता येईल?

एक वही करा. खोकला कधी येतो, पाणी पिताना, जेवताना, झोपेत की फिरताना, ते लिहा. भुंकणे बदलले का, वजन घटले का, पाय लटपटतात का, हेही लिहा. खोकल्याचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा, कारण दवाखान्यात गेल्यावर कुत्रा हटकून खोकत नाही.

कुत्रा गाढ झोपलेला असताना त्याचे श्वास मोजा. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. मिनिटाला ३० पेक्षा कमी असावेत. रोज त्याहून अधिक भरू लागले, तर डॉक्टरांना लगेच कळवा. ही मोजणी दहा वर्षांचे मूलही करू शकते. आमच्याकडे धाकटीच करायची.

आपल्या घरातली औषधे त्याला देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना इजा करतात, पॅरासिटामॉलही घातक ठरू शकते. काही साखरविरहित औषधांत झायलिटॉल असते, ते तर कुत्र्याला विषच.

डासांच्या अगरबत्तीचा, उदबत्तीचा आणि सिगारेटचा धूर त्याच्या झोपण्याच्या जागेपासून लांब ठेवा. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिराच फिरवा. धाप लागली तर सावलीत आणून साधे पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि निघा. जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर सकाळची वाट पाहू नका.

गावात तपासणीची सोय नसेल, तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हा चांगला आधार आहे. महाराष्ट्रात मुंबईला परळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे अशी महाविद्यालये आहेत. बाहेर राहणाऱ्या वाचकांना इंदूरजवळचे महू, बंगळूरचे हेब्बाळ, हैदराबादचे राजेंद्रनगर आणि चेन्नईचे वेपेरी सोयीचे पडेल.

वाचकहो, आमचा भोलू पाच महिने आपल्या परीने सांगत होता. आम्हाला वाटले, म्हातारपण आहे, चालायचेच. पण म्हातारपण हा काही आजार नव्हे. आज रात्री कोपऱ्यातून तो आवाज आला, तर दिवा मालवण्यापूर्वी त्याच्याजवळ दोन मिनिटे बसा, त्याचे श्वास मोजा, आणि सकाळी वहीत पहिली ओळ लिहा.